खाली येणारी रेषा

घोरावाडी,
१८ जानेवारी २०२६

प्रिय सुहासदादा,
सप्रेम जयभीम.

तुमच्याकडचं नेट बंद आहे, म्हणून हे प्रितमच्या हाती देतेय. त्याची सुट्टी संपली, परवा तो परत बंदरावर निघतोय. सोबत आईनं शेंगदाण्याची चटणी दिलीय. बाबांचा खोकला थांबला. थंडी भरपूर आहे.

माझं काम तेच. जगात कुठे मोर्चा, कुठे गोळीबार, कुठे बॉम्ब. बातम्या वाचायच्या आणि ठिकाण, कुणी केलं, किती मेले ते भरायचं. महिनाअखेर त्याचे आलेख निघतात.

तुझा करार या महिन्यात संपतोय. आई दिवाळीपासून म्हणत होती, "तेजे, तुला समदं कळतं. दादाला सांग, आणखी दोन वर्सं ऱ्हावं का न्हाई." तर, तुमच्याकडचे हल्ले ऑक्टोबरपासून कमी होतायत. आलेखाची रेषा खाली येतेय. हे खरं आहे.

मंगळवारची बातमीही माझ्याकडेच आली. तुमच्या बंदरावर ड्रोन पडलं, तीन परदेशी कामगार ठार, नावं नाहीत. मी ठिकाण लिहिलं. तीन लिहिलं. करिष्मा मॅडमनी विचारलं, "दुसरा सोर्स आहे का?" तो शोधून दिला. मग पुढची बातमी घेतली.

दुपारी जेवताना आई म्हणाली, "गप का गं?"

"डोकं दुखतंय," म्हटलं, आणि दोन भाकरी खाल्ल्या.

संध्याकाळी प्रितम धावत आला. कंपनीच्या मुंबई ऑफिसातून त्याला फोन आला होता: मेलेले दुसऱ्या पाळीतले, तू सुखरूप. आई रडली. बाबा प्रितमचा हात सोडेनात. मग आईनं माझ्याकडे पाहिलं.

"तुला म्हाईत हुतं?"

"हो."

तिनं माझ्या कपाळाला हात लावला, ताप बघतात तसा. ताप नव्हता.

दादा, तू जिवंत आहेस हे कळलं तेव्हाही मला काही वाटलं नाही. रडू नाही, सुटल्यासारखंही नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही.

आणि ते तिघं धरूनही रेषा खालीच आहे. ती बघून मी तुला राहा म्हणणार नाही.

मी शुक्रवारी काम सोडलं. इथून जवळच, नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात वेल्डर घेतायत, तुझ्यासाठी चौकशी केलीय. पगार तुझ्या आताच्या निम्माही नाही.

तरी सही करू नकोस. ये. तू समोर बसून जेवताना दिसलास की मला काहीतरी वाटेल बहुतेक.

नाही वाटलं, तरी ये.

तुझी,
तेजल