दोन मोजेपर्यंतचा हात

१२ फेब्रुवारी १९७४, मंगळवार

सत्यवती, तारीख टाक, अन् बोलते तसंच लिही वं. नातीले अक्षरं येतात, मले तोंड आहे — झाली रोजनिशी!

मिलच्या जनरेटरची दुरुस्ती आज सरली. तीन महिने त्याचं हाडन् हाड सुटं करून ठेवलं होतं. उद्या चालवून पाहणार. फिरता दांडा ज्याच्यावर टेकते ते बेअरिंग किती तापलं, ते दर पंधरा मिनिटांनी लिहायचं. पारा एका जागी थांबला की मशीन पास. बेअरिंग बसवणारा माहा लेक रुपराव. मागच्या साली त्याले एक नोटीस भेटली. दुसरी भेटली तं कायमचा घरी!

पास करणारे श्रीधर साहेब. रामदासपेठेतले, बंगल्यात वाढलेले. मिशी अजून यावं का नाही, विचार करून राहिली. लिहिण्याआधी पेन रुमालानं पुसतात म्हणे!

१३ फेब्रुवारी

काय ते साहेबाचं डोकं! मशीन चालू असताना रुपरावनं बेअरिंगवर हात ठेवला. पाच मोजेपर्यंत ठेवता आला पाहिजे. दोनवरच चटका! म्हणे, "साहेब, बंद करा."

साहेब म्हणाले, "पारा अठ्ठेचाळीसवर आहे. तुमचा हात काय थर्मामीटर आहे?" मशीन चालूच ठेवलं.

हो गा बाबू, आहे! पन्नास वर्षं तव्यावर हात धरून भाकर टाकते मी. पाऱ्याले विचारते का?

१४ फेब्रुवारी

बेअरिंग जळलं.

१५ फेब्रुवारी

थर्मामीटर ज्या नळीत बसवतात तिच्यात आधी तेल भरा लागते, तवा आतली गरमी पाऱ्यापर्यंत पोचते. उघडून पाहिलं तं नळी कोरडी! आत धातू वितळून राहिला, अन् पारा सावलीत बसल्यावानी थंड. साहेबाचं डोकंही तसंच, कोरडं. भिवापूरची मिरची बरी, तिच्या अंगात काही तं असते.

रुपराव जेवला नाही. म्हटलं, "काहून गा तोंड पाडून बसला? चूक साहेबाची. नोटीस त्याले भेटन."

ताट सरकवून उठला.

१६ फेब्रुवारी

नळीत तेल भरणं रुपरावचं काम होतं. विसरला. आज त्यानंच सांगितलं. साहेबानं वरच्याइले लिहून देल्लं — नळी मी तपासली नाही, चूक माझी. नोटीस साहेबाच्या नावानं निघाली.

सत्यवती, मागचं काही खोडू नको. साहेबाचं नाव जिथं जिथं लिहिलं, तिथं तिथं माहं बोट नेऊन ठेव.