मूकपटातल्या पाट्या

बाबा, गेल्या रविवारी तो मूकपट मी पुन्हा पाहिला. चोरीचा आळ आलेल्या मोलकरणीचा, बोलपट येऊ लागले त्या सुमारास इथे इंग्लंडात काढलेला. तुम्ही दोघं नागपूरहून पहिल्यांदा माझ्याकडे लंडनला, हॅरोत आलात, तेव्हा त्याची तिकिटं मीच काढली होती, मोठ्या हुशारीने. आईला इंग्रजी येत नाही, मग मूकपटच बरा, त्यात भाषा कुठे लागते! खेळाआधी एका गृहस्थांनी सांगितलं, की लोकांना बोलपटाचं वेड लागलं आणि याच्याकडे कोणी फिरकलंच नाही. ते आईला सांगून तुम्ही म्हणालात, "चांगला असून मागे पडला बिचारा."

मूकपटात पाट्या असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दर दोन मिनिटांनी पडद्यावर इंग्रजी मजकूर. पहिली पाटी आली आणि तुम्ही आईच्या कानाशी झुकलात. "ती म्हणते, तो ब्रोच, कोटाला लावायची पिन, मी घेतला नाही." वस्तीतल्या विहारात वाचता न येणाऱ्यांना रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवणारे तुम्ही. शेजारचं माणूस काही न समजता बसलंय, हे तुम्हाला बघवायचंच नाही. लहानपणी त्या सतरंजीवर बसून मी किती मिरवायचे, हे वाचतायत ते माझे बाबा म्हणून! पण इथे पियानो वाजतोय, सगळे चिडीचूप, पुढच्या रांगेत माझी मॅनेजर नवऱ्यासोबत बसलेली, आणि तुमची कुजबुज मला लाउडस्पीकरसारखी ऐकू येतेय. कोर्टाचा प्रसंग सुरू झाला आणि मी तुमचा हात दाबला. "बाबा, प्लीज, गप्प बसा ना. गावातल्यासारखं काय करताय?" तुम्ही मला "सॉरी" म्हणालात. बापाने मुलीला. मग शेवटपर्यंत मांडीवर हात ठेवून सरळ बसून राहिलात. पाटी आली की आई पडद्याकडे न बघता तुमच्याकडे बघायची. परतताना ट्रेनमध्ये मी म्हटलं, मॅनेजरने मागे वळून पाहिलं म्हणून बोलले. तुम्ही मान हलवलीत. "बरोबर आहे, इथली रीत वेगळी."

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. या वेळी एकटीच गेले. आई सध्या माझ्याकडे आहे. घरी आले तेव्हा ती मटार सोलत होती. मी म्हटलं, "आई, ती मोलकरीण सुटते गं. ब्रोच मालकिणीच्या कोटाच्या अस्तरात सापडतो."

"माहितेय मला," आई म्हणाली. "यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं ना, इथेच, किचनमध्ये. तू ऑफिसला गेली होतीस. कोर्टापासून पुढचं सगळं सांगितलं. पण किती हळू बोलत होते! मी म्हटलं, अहो, घरात कोणी नाही, मोठ्यानं बोला की. तर म्हणाले, असू दे, सवय करतोय."

मी समोरचे मटार सोलायला घेतले. त्यानंतर तुम्ही बसमध्ये, दुकानात, माझ्या मित्रमंडळींसमोर इतकं हळू बोलायचात, की मला वाटायचं, बाबा इथे छान रुळले. मला त्याचा आनंदही झाला होता, बाबा. आता ते आठवलं की स्वतःचा राग येतो.

हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवायचं ठरवलं होतं, पण धीर होत नाही. कारण एक गोष्ट तिलाही ठाऊक नाही. त्या दिवशी मॅनेजरने मागे वळून पाहिलंच नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं.