तळ्याकाठचं वाण

आई, आज दुपारी तीन वाजता आपलं तळं बंद झालं. तू म्हणशील, ते तर दहा वर्षांपूर्वीच बंद झालं होतं, तूच सांगितलंस की. थांब ना, तेच सांगायला बसलेय. तेव्हा ते बंद झालं नव्हतं. मी खोटं बोलले होते. पहिल्यांदाच सांगून टाकलं, नाहीतर मी इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि हे राहूनच जाईल. तुला माहितेय मी कशी आहे. मराठी लिहायची सवय नाही मला, वेलांट्या चुकतील, त्या तू आता सुधारू नकोस.

मी अकरावीत होते. आपलं मनीमाजऱ्याचं घर, आणि त्या घरात थंडीत ऊन यायचं ते फक्त स्वयंपाकघरात, गव्हाच्या कोठीपाशी. केमो सुरू झाल्यापासून तू तिथेच खुर्ची टाकून बसायचीस, डोक्याला माझी निळी लोकरी टोपी. डॉक्टरांनी गर्दीत जायचं नाही म्हणून सांगितलेलं. सुखना तलावावरचं तुझं फिरणं बंद, लॅबची नोकरी बंद, कोणी आलं तरी दारातूनच बोलायचं. तू दिवसभर खिडकीतून समोरच्यांची वाळत घातलेली रजई बघत बसायचीस. मला ते बघवेना. मी लॅपटॉप आणून कोठीवर ठेवला, माझा ऑनलाइन गेम उघडला. ‘मम्मा यार, एकदा बघ तर. खूप भारी जग आहे. सगळी खरी माणसं असतात, कुठल्या कुठल्या देशातली. प्रत्येकाचं घर, अंगण. आणि हे बघ, तळं.’ तू चष्मा लावलास. ‘बाप्पा! केवढं पाणी हे. आपल्या सुखनापेक्षा मोठं आहे गं.’

मग काय, तुला सोडवेना. मी ट्यूशनला सेक्टर चौतीसला गेले की तू माझ्याच अकाउंटवरून आत जायचीस, भेटेल त्याला ‘मी हिची आई’ म्हणून सांगायचीस. गळ टाकून मासे पकडायचीस आणि एकेक परत पाण्यात सोडायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, ‘आपण खात नाही ना, मग उगाच काहून ठेवायचे?’ तळ्याकाठी काही जण मिळून बॅन्ड वाजवायचे, एक अकॉर्डियन, एक ढोलकीसारखं काहीतरी. ते तुला सगळ्यात आवडायचं. मी घरी आले की तू रिपोर्ट द्यायचीस. फिलिपिन्सची एक नर्स आहे, तिची नाइट ड्यूटी संपली की येते. एक बाई अस्वल होऊन फिरते, तिचे गुडघे गेलेत. कोणी दोन दिवस दिसलं नाही तर तू म्हणायचीस, ‘पोस्टिंग आली असेल.’ तुझ्या हळदीकुंकवाच्या बायकांचं तसंच असायचं ना. आर्मीच्या, एअर फोर्सच्या. दोन-तीन वर्षं दर संक्रांतीला आपल्याकडे यायच्या आणि मग ट्रकमध्ये सामान भरून पठाणकोट नाहीतर जोधपूर. तुला माणसं जाण्याची सवय होती. मला नव्हती.

त्या वर्षीची संक्रांत. आदल्या दिवशी इकडची लोहडी झाली होती, शेजारच्या आंटी रेवड्यांची पिशवी दाराच्या कडीला अडकवून गेल्या होत्या. बाबांनी तुझ्या सूचना ऐकत तिळाचे लाडू केले, ते असे कडक झाले की तू म्हणालीस, ‘हे बॉर्डरवर पाठवा.’ आपण तिघं हसलो. मग तू हळूच म्हणालीस, यंदा वाण लुटायचं राहिलं. आमच्या लक्षात आलं नाही. मी ट्यूशनला गेले. परत आले तर तू खुर्चीत एकदम ताठ बसलेली, गाल लाल. ‘अगं, अकरा जणी आल्या! मी बोर्ड लावला ना दारात, टुडे फेस्टिवल, प्लीज कम. सगळ्यांना फूल दिलं, कपाळाला लाव म्हटलं. टेक धिस, स्पीक स्वीट, असं लिहिलं एका बोटानं. आणि एकेक कंदील दिला.’

कंदील. आई, ते माझे कंदील होते. एकेक मिळवायला तीन-तीन आठवडे लागायचे. वर्षभर जमवले होते अकरा. बारावा झाला की माझं घर त्या जगाच्या वार्षिक प्रदर्शनात लागणार होतं, आणि सोळाव्या वर्षी मला त्याहून मोठं काही वाटत नव्हतं. मी स्क्रीन बघते. अंगण रिकामं. नुसते खुंट.

‘अस्वलाला पण दिलास?’

‘आली होती ना दारात. दारात आलेल्या बाईला रिकामी पाठवतात का?’

‘बाई नाहीये ती! त्या कोणी बायका नाहीयेत, प्लेयर्स आहेत ते! निम्मे पुरुष असतील. परत माग सगळं.’

‘वाण परत मागत नसतात गं.’

तेव्हा मी ओरडले, ‘तू आजारी आहेस म्हणून माझं सगळं वाटून टाकायचं का?’ बाबा बाहेरून आत आले. तू टोपी काढलीस, डोक्यावरून हात फिरवलास, परत घातलीस. पुढे मला इतकी माणसं रागावली, ऑफिसात, घरात, पण तुझ्या त्या न बोलण्याएवढं कोणी मला बोललेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पासवर्ड बदलला. आणि तू विचारलंस तेव्हा सांगितलं, कंपनीने गेमच बंद केला. तुला पटलं. कसं पटलं यार? तू लॅबमध्ये दुसऱ्यांचे रिपोर्ट तीनदा तपासून बघणारी बाई. ‘एकदम? म्हणजे सगळ्यांचीच पोस्टिंग आली म्हण.’ मग थोड्या वेळाने, ‘त्या अस्वलाला मी गुरुवारी बॅन्ड ऐकायला येते म्हटलं होतं. निरोप द्यायचा राहिला.’ मी म्हटलं, ‘आता काय करणार.’ आणि गुरुवारी मी स्वतः आत गेले तर अस्वल तळ्याकाठच्या बाकावर. माझ्या भराभर लिहिण्यावरून ओळखलं तिने, विचारते, तुझी आई कुठेय? मी लिहिलं, बिझी आहे. पुढच्या गुरुवारी परत विचारलं. परत तेच लिहिलं. तिसऱ्या वेळी मी तिला ब्लॉकच केलं. होळीच्या आधी तू गेलीस.

आता मी काय करते माहितेय? मोहालीच्या एका ऑफिसात हीच जगं बनवते. ऐक ना, तू बघायला हवं होतंस, कुठल्या कुठे गेलंय सगळं. डोळ्यांना हेडसेट लावला की मान वळवली तिकडे पाणी. लोक कॉन्सर्टला जातात, बुद्धिबळ खेळतात, म्युझियम बघतात, अंथरुणात पडल्या पडल्या. मी ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी फिरायच्या वाटा बनवते. एअरोसिटीतल्या एका आजींना आम्ही ट्रायलला हेडसेट लावला तर त्यांनी हवेतच सलवार वर धरली, पाणी लागेल म्हणून. सगळे हसले. मी बाहेर जाऊन जिन्यात उभी राहिले. मला विचारतात, ही आयडिया तुला सुचली कशी? मी म्हणते, बस, सुचली.

आणि गेल्या महिन्यात मेल आला. आपलं ते जुनं जग खरंच बंद होतंय, रविवारी दुपारी. दहा वर्षांनी मी तो पासवर्ड टाकला. पहिलं काम, अस्वलाचा ब्लॉक काढला. आज जेवण झाल्यावर आत गेले. तळ्याकाठी गर्दी, सगळे निरोप घेत होते, चॅटमध्ये रडक्या चेहऱ्यांचे ढीग. अस्वल बाकावरच होतं. मला ओळखलं. चल म्हणाली, घर दाखवते. तिच्या अंगणात काही नाही गं, एक झाड आणि त्याला तो कंदील. तुझा. खाली पाटी, स्पीक स्वीट.

तिने विचारलं, तुझी आई कशी आहे? मी परत ‘बिझी आहे’ लिहिलं आणि खोडलं. मग सगळं लिहिलं. तू गेलीस ते, कधी गेलीस ते, पासवर्डचं, गेम बंद झाला म्हणाले ते.   मग तिचं उत्तर आलं, ‘मला वाटलं होतं, माझंच काही चुकलं. मी गोड बोलले नाही.’ आई, दहा वर्षं तिला असं वाटत होतं. मी सॉरी लिहिलं, परत लिहिलं. ती म्हणाली, हा कंदील तुझा आहे, घे, अजून बारा मिनिटं आहेत. मी लिहिलं, आमच्यात वाण परत घेत नाहीत. मग आम्ही बाकावर जाऊन बसलो. बॅन्डमधला फक्त अकॉर्डियनवाला आला होता, एकटाच वाजवत होता. तीन वाजले आणि स्क्रीन काळी झाली. त्यात माझा चेहरा दिसला, तुझ्यासारखा होत चाललाय.

हे कुठे पाठवायचं नाहीये. बाबांनाही दाखवणार नाही, त्यांना अजून वाटतं आपलं भांडण लाडवांवरून झालं. फक्त एक राहिलं. शेवटच्या आठवड्यात मी तुझ्या पलंगाला टेकून खाली बसलेली असायचे, लॅपटॉपचं तोंड पलीकडे, कानात इयरफोन. तू विचारलंस, ‘काय ऐकून राहिली गं?’ मी म्हटलं, केमिस्ट्रीचं लेक्चर. तू म्हणालीस, ‘बरं, ऐक ऐक,’ आणि मला डिस्टर्ब नको म्हणून खोकला दाबून धरलास.

लेक्चर नव्हतं, आई. तळ्याकाठचा बॅन्ड होता. दुसऱ्या इयरफोनची वायर तुझ्या उशीपर्यंत पोचत होती.