काचेखालचा दिवा

माय, त्या श्रावणात वाशीमच्या घरी मी ते लाल कागद पसरून काय करत होतो, हे तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू विचारायचीस, "काय कापून राह्यला रे दिवसभर?" आणि मी म्हणायचो, "नोकरी." खोटं नव्हतं ते.

बंगलोरच्या कारखान्यात नखाएवढ्या सिलिकॉनवर बसणारं सर्किट आम्ही आधी खाटेएवढं मोठं काढायचो. पारदर्शक कागदावर लाल पापुद्रा असतो. तो पात्यानं कापायचा, नको तिथला सोलायचा, मग फोटो काढून लहान करायचा. माझं चित्र पुरं झालं होतं गं! पण माल खराब निघायला लागला आणि कारखान्यानं नियम कडक केले. दोन रेघांमध्ये जास्त जागा सोडा, प्रत्येक जोडाभोवती जास्त काठ ठेवा, आणि तुकडा मात्र तेवढाच. एक रेघ सरकवली की ती दुसरीच्या अंगावर जायची. साहेब म्हणाले, बसव, नाहीतर तुझी जागा दुसऱ्याला. त्यातच तुझ्या टायफाइडची तार आली. गुंडाळी काखेत मारली आणि गाडीत बसलो.

मी पोचलो तेव्हा ताप उतरला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, अशक्तपणा फार आहे, खाणं चुकवायचं नाही. बाबांच्या दुकानातली काच दोन डब्यांवर ठेवून मी काम करायचो. खालून बल्ब, कारण उजेडाशिवाय कापलेली रेघ दिसत नाही. दिवस कलला की तू खाटेवरून ओरडायचीस, "बंद कर तो! चातुर्मास हाय, पाखरं जळतीन त्याच्यावर."

आपल्या जैन घरात एवढं पुरे होतं. मी निमूट बंद करायचो. पण सुटी संपत आली, रेघा बसेनात, आणि एका संध्याकाळी माझा धीरच सुटला. चांगला बाप्या माणूस, डोकं धरून रडलो. "माय, नोकरी गेली समज."

तू खाटेवर उठून बसलीस. मग म्हणालीस, "लाव."

पाखरं आली. तू काडीसारख्या हातानं पदर हलवत ती हाकलत बसलीस, तरी तापल्या काचेवर खच पडला. दुसऱ्या दिवशी तुझं ताट तसंच परत गेलं. "भूक नाई मले," म्हणालीस. मी कागदावरून मान वर केली नाही. संध्याकाळी विचारलंस, "बसलं का रे सगळं?"

"नाही बसत, माय."

"मंग आजही लाव."

चित्र शेवटी बसलं. नोकरी राहिली, तिच्यावर माझा सगळा संसार झाला. मी गुंडाळी घेऊन बंगलोरला पोचलो आणि मागोमाग तू गेल्याची तार आली. जितक्या संध्याकाळी दिवा लागला, तितके उपास तू धरले होतेस, त्या पाखरांचं प्रायश्चित्त म्हणून. हे मला बाबांनी नंतर सांगितलं. त्यांनाही तू बोलू दिलं नव्हतंस.

अगं, दिवा मी लावला होता ना! मग उपास माझा होता. मला एका शब्दानं सांगितलं असतंस तर मी अन्नाला शिवलो नसतो. पण तू तोंड उघडलं नाहीस.

लोक म्हणतात, पुण्यवान बाई होती. मीही मान डोलावतो. हा कागद तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहवतं: माय, मला तुझा अजून राग येतो.