नंबर लागेल का

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आज सकाळी लेकीने एक प्रश्न विचारला आणि वडनेरचं तुमचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे उभं राहिलं. ती बारावीत आहे. देशभरातून मोजकीच मुलं घेणाऱ्या बंगळूरच्या एका कॉलेजात तिला गणित शिकायचंय. चहा पिता पिता म्हणाली, "आई, खरं सांगजो. माहा नंबर लागंल का?"

मीही तुम्हाला हेच विचारलं होतं. तुम्ही भाकरी थापताय, मी दारात उभी. पुण्याच्या नावाजलेल्या कॉलेजात जायचं, एवढंच मला ठाऊक. शाळेतले बाकीचे सर म्हणत, इकडच्या पोरींना तिकडे कोण विचारतं? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तिथं जाऊन काय शिकशीन?"

"काहीबी. कॉलेज मोठं हाय ना."

तुमचा हात थांबला. "मोठं कॉलेजच पाह्याचं असंल तं सहलीले जाय. नंबराचं मंग पाहू. आधी तुले काय पाह्यजे, ते सांग."

मी रागाने घरी गेले. विहिरीवर पाणी शेंदताना तुमचे शब्द डोक्यातून जाईनात. आमच्या विहिरीचं पाणी खारट, डाळ म्हणून शिजायची नाही. मामाच्या गावचं मात्र गोड. लहानपणापासून मला ते कोडं होतं, पण ते शिकायचं असतं हे कधी सुचलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी धावत येऊन मी विचारलं, "बाई, आमचं पाणी खारं अन् मामाकडचं गोड, हे काऊन?" तुम्ही मराठी शिकवणाऱ्या. खळखळून हसलात. "मले काय माहीत? आता जाय पुण्याले."

मुलाखतीला तुम्हीच एसटीने घेऊन गेलात. आत मी 'काऊन' म्हणाले तसे एक सर गालात हसले, माझी जीभ अडखळली. पण विहिरीचा विषय निघाला आणि मी भीती विसरून बोलत सुटले. तरी नंबर लागला नाही. ते कळलं तेव्हा तुमच्या ओट्याशी बसून मी रडत होते. तुम्ही पाठीवर हात ठेवलात. "त्याह्यनं नाही घेतलं तं नाही घेतलं. पाणी तं अजून खारंच हाय ना?"

मी अमरावतीला भूगर्भशास्त्र शिकले. आज आपल्याच जिल्ह्यात गावोगाव फिरते, विहीर कुठे खणावी हे लोकांना सांगते. परवा नांदुऱ्याकडच्या एका गावात गोडं पाणी लागलं, तेव्हा तिथल्या आजीने पहिली ओंजळ माझ्या हातावर ओतली. तुम्ही हव्या होतात.

लेकीला मी खरं तेच सांगितलं. "अर्धी आशा धर. तिथं लय हुशार पोरं येतात."

"अर्धी तं लय झाली, आई!" म्हणाली आणि कप तसाच ठेवून गणितं सोडवायला पळाली. तिला काय पाहिजे ते मला विचारावं लागलं नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? कपाटातच राहील. पण तुम्हाला सांगते, तिला अजून बोलले नाही. परीक्षा व्हायचीय, निकाल तर लांबच. तरी काल खामगावच्या बाजारातून मी तिच्यासाठी चाकांची मोठी बॅग आणून पलंगाखाली लपवून ठेवलीय.