आईचं मशीन

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. मात्र हे आईबद्दल आहे, आणि आईचं नाव निघालं की तू विषय बदलतोस हे मला ठाऊक आहे. तुझ्या लग्नाला ती आली नाही, तिच्यापायी बाबाही अडकले, तेव्हापासून तू तिच्याशी बोलत नाहीस. फोन करतोस तो फक्त बाबांना. आज विषय बदलायची सोय नाही, तेव्हा मुकाट्यानं वाच. मी परवापासून इतकी हबकलेय की भाजीत मीठ दोनदा पडतंय आणि तुझे भावोजी ती निमूटपणे गिळताहेत.

डॉक्टरांनी आईच्या धास्तीसाठी विजेचं मशीन दिलंय, हे तुला लग्नाआधीच सांगितलं होतं. तळहाताएवढा डबा, त्यातून निघालेल्या दोन वायरी आणि टोकांना क्लिपा. त्या कानाच्या पाळ्यांना लावायच्या आणि स्वस्थ बसायचं. अगदी क्षीण करंट जातो, पाळीला मुंग्या आल्यासारखं वाटतं, बस्स. काहींना गुण येतो, काहींना नाही, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. आईनं मात्र गोळ्या नकोत असा हट्टच धरला, का तर गोळ्यांनी गुंगी येते. मला तेव्हा हसू आलं होतं. घरातल्या घरात असणाऱ्या बाईला जरा गुंगी आली तर काय आभाळ कोसळणार होतं? आणि तू म्हणालास, इलेक्ट्रिशियनच्या बायकोला शेवटी शॉकच द्यावा लागला. त्यावर आपण दोघं पोट धरून हसलो.

परवा शाळा लवकर सुटली म्हणून मी न कळवताच घरी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आई आत दाराशीच स्टूल टाकून बसली होती, पहाऱ्याला बसावं तशी. मला बघून ताडकन उठली आणि आडवी आली. पण तिची उंची ती केवढी, तिच्या डोक्यावरून मला सगळं दिसलं. बाबा खुर्चीत होते, अंगात कामाचा शर्ट, डोळे मिटलेले, आणि क्लिपा त्यांच्या कानांना.

मला वाटलं, मशीन बिघडलंय आणि ते स्वतःवर तपासून बघताहेत. आपल्या बाबांना ते शोभलंही असतं. मी तसं म्हटलंसुद्धा. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की माझ्या पायाखालची जमीन सरकली.

धाकट्या, धास्ती आईला नाहीच. कधीच नव्हती. आपल्या लहानपणापासून ती बाबांना आहे. खांबावर चढणारे, आपल्याला खांद्यावर घेऊन गच्चीच्या कठड्याशी उभे राहणारे आपले बाबा. छातीत धडधड, तळहात ओलेचिंब, श्वास अडकतो, आता मरतो असं वाटतं. एकदा ते कामावर निघून अर्ध्या वाटेतून परत आले, तेव्हा आईनं मालकाला सांगितलं की मला चक्कर आली, म्हणून यांना बोलावलं. लगेच पटलं सगळ्यांना. बाई घाबरते यात कुणाला नवल वाटत नाही, असं ती मला परवा म्हणाली, तेही भांडी विसळता विसळता. इलेक्ट्रिशियनचे हात कापतात असं बाहेर कळलं असतं तर काम कुणी दिलं असतं? मग तोच पायंडा पडून गेला. आणि आपण तिला भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणून चिडवत राहिलो. मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. इतकी वर्षं एका छपराखाली राहून मला काडीचाही संशय येऊ नये, याचाच जास्त राग येतो.

डॉक्टरांपुढेही ती त्यांचीच लक्षणं स्वतःची म्हणून सांगायची. एकदा बोलण्याच्या भरात म्हणाली, शिडीवर चढलं की माझे गुडघे लटपटतात. डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही शिडीवर कशाला चढता? तर म्हणे, जळमटं काढायला. काल मी दोघांना धरून त्यांच्याकडे नेलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. बाबांच्या हृदयात एखादं यंत्र बसवलेलं असतं तर हा खेळ जिवावर बेतला असता, असं खडसावलं. मग बाबांनाच समोर बसवून पहिल्यापासून सगळं विचारलं. तूर्त मशीन चालू ठेवायचं, सोबत बोलून करायचे उपचार घ्यायचे, आणि काही दिवस शिडी बंद.

आता तुझं लग्न. त्या दिवशी पहाटे बाबा नवे कपडे, बूट घालून दारात उभे होते. पाऊल बाहेर पडेना. घामानं शर्ट भिजला, दाराची चौकट सोडवेना. आईनं त्यांना आत नेलं, आपली नवी साडी उतरवून ठेवली, अंगावर पांघरूण घेतलं, आणि मला फोन करून सांगितलं की मला उठवत नाहीये. त्या साडीची घडी तिनं अजून मोडलेली नाही.

हे तुला कळवायचं नाही अशी आईनं मला शपथ घातलीय. पोराच्या मनातला बाप आहे तसाच राहू दे, माझ्यावर रागावलाय तर रागावू दे, म्हणते. पण बाबांनी ऐकलं नाही. रविवारी ते दोघं तुझ्याकडे येताहेत, आणि ते स्वतः तुला सांगणार आहेत. प्रवासाच्या भीतीचा त्यांनी विषयही काढला नाही. मला एवढंच विचारलं, की ऐकल्यावर त्याचा चेहरा कसा होईल गं? म्हणून शपथ मोडून लिहितेय. जो धक्का बसायचा तो तुला या कागदापुढे बसू दे, रडायचं ते आजच रडून घे. रविवारी बाबा बोलतील तेव्हा फक्त तुझ्या तोंडाकडे बघत असतील. आणि आई त्यांच्या पाठीमागे, तुझी नजर चुकवून उभी असेल. तिला आधी आत घे.

तुझीच, शपथ मोडलेली,
ताई