वारा उत्तरेचा हवा

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
केबिनवर पोचलो. उद्यापासून हरणांची शिकार खुली. बाबा वाटेत एकच धोशा लावून होते : दलदलीच्या काठावरच्या आपल्या मचाणावर एक सकाळ बसायचं, बस्स. "हरीण मिळालं तर मिळालं. पुढच्या वर्षी काही ही शिडी मला चढता यायची नाही." डॉक्टरांचंही तेच मत, फक्त ते गुडघ्यांऐवजी हृदयाबद्दल बोलले.
मी शब्द दिला. नुसतं बसवायचं नाही, हरीण समोर आणून उभं करायचं. वर्षभर वाचन केलंय. सगळा प्रश्न माणसाच्या वासाचा, आणि वासाचा प्रश्न म्हणजे हवामानाचा. दलदल मचाणाच्या उत्तरेला, हरणं दलदलीत. दक्षिणेचा, म्हणजे दक्षिणेकडून येणारा वारा असताना बसणं म्हणजे आपणच त्यांना वर्दी पाठवणं.
निश्चय : वारा उत्तरेचा असल्याशिवाय मचाण नाही.

१५ नोव्हेंबर. पहाटे
दक्षिणेचा वारा. बाबा अंधारातच बूट घालून खुर्चीत तयार. मी चिमटीतून पावडर सोडून दाखवली, सरळ दलदलीकडे गेली. बाबा म्हणाले, "अरे ऑनी, चाळीस वर्षं बसतोय मी तिथं. हरणांना माझा वास पाठ आहे." हा मुद्दा भावनिक आहे, असं मी समजावलं. बूट काढायला मदत केली.
प्रामाणिकपणे लिहायचं तर, बूट निघाल्यावर मला हायसं वाटलं. का, ते कळलं नाही. बहुधा शास्त्राला धरून वागल्याचं समाधान.

१७ नोव्हेंबर
धुकं. दमट हवेत वास विरत नाही, जमिनीलगत रेंगाळतो. तरी वाऱ्याची झुळूक बरी होती, म्हणून निघायचं ठरवलं. आमच्या फिनिश लोकांत सौना, म्हणजे वाफेचं स्नान घेतल्याशिवाय कोणी शिकारीला जात नाही, तेव्हा बाबांनी पहाटेच सौना तापवला. मी बिनवासाचा साबण दिला. त्यांनी हुंगला. "याला वासच नाही." म्हटलं, तेच तर. "मग धुतलंय की नाही, ते कळायचं कसं?"
अंग स्वच्छ झालं, पण घाम काही थांबेना. सौनाचा घाम तो. आणि घाम हेच तर वासाचं मूळ! घाम पुरता आटेपर्यंत थांबायचं ठरवलं. तोवर ऊन वर आलं. बाबा टॉवेल गुंडाळून बाकावर बसून होते. म्हणाले, "तुझे आजोबा घामासकट जायचे. येताना हरीण आणायचे." आजोबांच्या काळी जंगलात हरणं जास्त होती.

१९ नोव्हेंबर
कडाक्याची थंडी, वारा पूर्ण पडलेला. बाबा खूश. पण अशा सकाळी गार हवा पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते, म्हणजे आपला वास घेऊन थेट दलदलीत. रद्द.
शेजारच्या केबिनचा आर्वो आला. ट्रकमध्ये सहा टोकांच्या शिंगांचा नर, तोंडात पाइप, अंगाला तळलेल्या माशांचा वास. "म्हाताऱ्याला घरात मुरत घातलंयस की काय?" बाबा खो खो हसले. मी हसलो नाही. आर्वोचं हरीण हा अपवाद आहे.

२१ नोव्हेंबर
वासाच्या बाबतीत अधिक कडक व्हायला हवं. आजपासून कॉफी बंद, वेलदोड्याचा पाव बंद. बाबांचे शिकारीचे कपडे फर झाडाच्या डहाळ्यांत घालून बाहेर टांगले होते. सकाळी लाकडासारखे ताठ झाले होते. बाबांनी तसेच अंगावर चढवले. वारा बदलला म्हणून उतरवले.

२२ नोव्हेंबर
बाबांना खोकला. कपड्यांमुळे, की मुळातलाच? दोन्ही बाजूंनी निष्पक्षपणे विचार केला. मुळातला.
कॉफी पुन्हा सुरू. फक्त औषध म्हणून.

२४ नोव्हेंबर
उत्तरेचा वारा! बाबांना ट्रकमध्ये बसवून मी पुढे जाऊन मचाण बघून आलो. शिडीच्या पायऱ्यांवर बर्फाचा पापुद्रा. हलवून पाहिली, हलली. वर पाहिलं. बाबा तिथे एकटे, मी खाली, आणि मध्येच त्यांच्या छातीत काही झालं तर, असं उगाच मनात आलं.
परत येऊन सांगितलं, वारा फिरतोय. बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढून पाहिला. मग हात आत घेऊन काच वर केली.
मी घाबरलो का? स्वतःला स्पष्ट विचारलं. नाही. मन विचलित झालं होतं, आणि विचलित मनाने वारा जोखता येत नाही.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
माझी बहीण सिर्काताई भाजलेली टर्की घेऊन आली. बाबांना विचारलं, किती वेळा बसलात? बाबा म्हणाले, "वारा जुळत नाहीये गं." माझेच शब्द. त्यांच्या तोंडून वेगळे वाटले.
ताईने मला लाकडांच्या शेडमध्ये गाठलं. "ते पडतील म्हणून तुझी फाटलीय. मग तसं सांग ना सरळ! हरणांच्या नावावर कशाला खपवतोस?" म्हटलं, विषय हवामानाचा आहे. "विषय बापाचा आहे, गाढवा. दोघं मिळून चढवू त्यांना. एक वर, एक खाली."
चांगली कल्पना आहे. रविवारी शिकारीचा शेवटचा दिवस, अंदाज पक्का उत्तरेचा. उद्याच चढवू असं ती म्हणत होती, पण उद्या वारा दक्षिणेचा. एवढं थांबलो, तर दोन दिवसांसाठी घाई का? बाबांना तसा शब्द दिला. ते म्हणाले, "बरं."

२९ नोव्हेंबर
सकाळी बाबांना धाप लागली. ताई त्यांना गावातल्या हॉस्पिटलात घेऊन गेली. गाडीची काच खाली करून बाबा म्हणाले, "तू तरी बसून घे रे उद्या. मचाण रिकामं नको."

३० नोव्हेंबर, रविवार
उत्तरेचा वारा. संथ, कोरडा, एकसारखा. सोळा दिवसांत असा नव्हता. शिडी चढलो. फारशी हलली नाही.
उजाडल्यावर हरणं आली. दलदलीतून नाही. मागून, दक्षिणेकडून, माझ्या वासाच्या ऐन धारेतून. एक मादी आणि मागे भला थोरला नर. त्याने मान वर करून माझा वास भरपूर घेतला, मागच्या खुराने कान खाजवला आणि चरायला लागला. रायफल मांडीवरच राहिली. ते गेल्यावरही बराच वेळ उतरवेना.
दुपारी केबिनवरून हॉस्पिटलात फोन केला. बाबांचा आवाज बारीक. "वारा कसा होता?" म्हटलं, दक्षिणेचा. "काही दिसलं?" एकही नाही. "मग बरं झालं. माझं काही हुकलं नाही."
त्यांना बरं वाटावं म्हणून मी खोटं बोललो. त्यांच्यासाठीच बोललो.
मग ताईने फोन घेतला. बाहेर कॉरिडॉरमध्ये आली असावी, हळू बोलत होती. म्हणाली, "ऑनी, त्यांच्या खिडकीसमोरच झेंड्याचा खांब आहे. उत्तरेच्या वाऱ्याने सकाळपासून झेंडा दक्षिणेकडे फडफडतोय, आणि ते त्याच्याकडेच बघत पडलेत."